गाडी ‘किती देते’ हे ठरवतो उजवा पाय. कारच्या मायलेजचा पूर्ण हिशेब समजून घ्या

नवी कार दारात आली की पेढ्यांसोबत पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती देते?’ शोरूममध्ये सांगितलेला आकडा असतो लिटरला २० किंवा २२ किलोमीटर. दोन-तीन महिने उलटतात आणि प्रत्यक्ष हिशेब १३-१४ वर येऊन थांबतो. मग पंपावर माप कमी मिळते, पेट्रोलमध्ये भेसळ आहे, कंपनीने फसवले, अशी चर्चा सुरू होते.

संशय कधी खराही असू शकतो. पण बहुतेक गाड्यांच्या बाबतीत पेट्रोल जाते ते तीन ठिकाणी: ब्रेकमध्ये, महामार्गावरच्या वाऱ्यात आणि जागेवर चालू ठेवलेल्या इंजिनात. या तिन्हींवर चालकाचे बऱ्यापैकी नियंत्रण असते. त्यासाठी नवे उपकरण किंवा महागडे पेट्रोल घ्यावे लागत नाही.

हा प्रश्न थेट घरखर्चाचा आहे. महिन्याला १,००० किलोमीटर धावणारी कार लिटरला १४ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, तर महिन्याचा खर्च सुमारे ७,४३० रुपये होतो. तीच गाडी १६ देऊ लागली, तर खर्च ६,५०० रुपयांवर येतो. फक्त दोन किलोमीटरच्या फरकाने वर्षाला ११ हजार रुपये वाचतात. अनेक घरांत गाडीच्या विम्याचा हप्ता एवढ्यात भरून निघेल.

जाहिरातीतला आकडा येतो कुठून?

अनेक जण ज्याला ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात, ते नाव पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेवरून आले आहे. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी प्रयोगशाळेतील रोलरवर उभी करतात आणि ठरावीक वेळापत्रकानुसार तिचा वेग कमी-जास्त करतात. या वेळापत्रकाला ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ म्हणतात. त्यात गाडी ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जातच नाही. वेग हळूहळू वाढतो, हळूहळू कमी होतो. एसी बंद ठेवून मोजमाप करण्याची पद्धत राहिली आहे. खड्डे, स्पीड ब्रेकर, मागे बसलेली तीन माणसे, डिकीतले सामान यांतले काहीच तिथे नसते.

त्यामुळे हा आकडा खोटा म्हणता येणार नाही. दोन मॉडेलची तुलना करण्यासाठी तो उपयोगाचा आहे, कारण सगळ्या गाड्यांची परीक्षा एकाच पद्धतीने होते. पण सिंहगड रोडवर संध्याकाळी सात वाजता आपली गाडी तेवढेच देईल, अशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवता येत नाही.

आधी मोजा, मग बोला

डॅशबोर्डवर दिसणारे मायलेज हा गाडीच्या कॉम्प्युटरने लावलेला अंदाज असतो. तो बऱ्याचदा थोडा जास्त दाखवतो. खात्रीचा मार्ग जुनाच आहे, टाकी फुल करण्याचा.

पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल भरावे आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. गाडी नेहमीसारखी वापरावी. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा नोझल बंद होईपर्यंत भरावे. समजा, दरम्यान गाडी ४६२ किलोमीटर धावली आणि ३०.८ लिटर पेट्रोल बसले. ४६२ भागिले ३०.८ म्हणजे १५. हे त्या गाडीचे खरे मायलेज. नोझल बंद झाल्यावर ‘राउंड फिगर’साठी आणखी भरायला सांगू नये. त्याने हिशेब चुकतो आणि टाकीतील वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरून तो खराब होऊ शकतो.

एका टाकीवरून निष्कर्ष काढणेही चुकीचे. सलग तीन टाक्यांची सरासरी घेतली की चित्र स्पष्ट होते.

पेट्रोल नेमके जाते कशात?

पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भागच गाडी पुढे ढकलण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता बनून रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. जो वाटा चाकांपर्यंत पोहोचतो, तो हवेचा अडथळा, टायरचे घर्षण आणि गाडीला वेग देणे या तीन कामांत खर्च होतो. शहरात यातले तिसरे काम सर्वांत महाग पडते. गाडीला दिलेला वेग ब्रेक दाबताच ब्रेक पॅडमध्ये उष्णता होऊन संपतो आणि पुन्हा तेवढाच वेग घ्यायला पुन्हा पेट्रोल लागते.

याचा हिशेब करता येतो. साधारण एक टन वजनाची कार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात जी गतिज ऊर्जा असते, ती तयार करायला अंदाजे १७ मिलिलिटर पेट्रोल लागते. म्हणजे ६० च्या वेगात असताना करकचून ब्रेक मारून गाडी थांबवली, की जवळपास पावणेदोन रुपये रस्त्यावर सांडले. ताशी ४० वेगातला प्रत्येक ब्रेक ८० पैशांच्या घरात जातो.

रक्कम किरकोळ वाटते. पण ऑफिसला जाता-येता असे २० अनावश्यक ब्रेक टाळले, तर दिवसाला १६ रुपये आणि महिन्याच्या २५ दिवसांत ४०० रुपये वाचतात. ब्रेक पॅड आणि क्लच प्लेटचे आयुष्य वाढते, तो फायदा वेगळाच.

इथे वेगाचा वर्ग मोजला जातो, हे लक्षात घ्यायला हवे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट लागते. म्हणून रिकामा रस्ता दिसताच पुढच्या सिग्नलपर्यंत गाडी ताणणे आणि तिथे दाबून ब्रेक मारणे ही शहरातली सर्वांत खर्चिक सवय आहे. एवढे करून सिग्नलला मागे टाकलेली गाडी शेजारी येऊन उभी राहतेच.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, जोरात वेग घेणे आणि जोरात ब्रेक मारणे या पद्धतीमुळे महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के मायलेज घटू शकते. गाडीत इतर कोणताही बदल न करता मिळणारा हा सर्वांत मोठा फायदा आहे.

शहरात काय करावे?

- पुढच्या गाडीच्या बंपरकडे न पाहता दोन-तीन गाड्यांच्या पलीकडे नजर ठेवावी. सिग्नल लाल दिसला किंवा पुढे ब्रेक लाइट लागले, की अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा. गाडी गिअरमध्येच ठेवावी.
- पुढच्या वाहनापासून थोडे अंतर ठेवावे. ‘मध्ये रिक्षा घुसते’ ही तक्रार खरी आहे, पण रिक्षा घुसल्याने पोहोचायला दोन सेकंदच उशीर होतो.
- गिअर वेळेत वाढवावा. साध्या पेट्रोल गाडीत सपाट रस्त्यावर २,००० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान गिअर बदलणे सहसा पुरते. मात्र इंजिन धडधडू लागेल इतक्या कमी आरपीएमवर वरचा गिअर टाकू नये.
- हाफ क्लचवर गाडी रेटू नये. क्लचवर पाय ठेवून चालवण्याच्या सवयीने पेट्रोल जाते आणि क्लच प्लेटही लवकर संपते.
- दूध, औषधे, मुलांचा क्लास अशी कामे शक्यतो एका फेरीत करावीत. थंड इंजिन पहिले काही किलोमीटर जास्त पेट्रोल पिते. दीड किलोमीटरच्या पाच फेऱ्यांत इंजिन एकदाही नीट तापत नाही.

सिग्नलला इंजिन बंद करावे का?

छोट्या पेट्रोल इंजिनाची कार नुसती उभी असताना तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल जाळते. एसी सुरू असेल तर त्याहून जास्त. रोज वीस मिनिटे सिग्नल, शाळेचे गेट आणि ‘दोन मिनिटांत आलो’ यांत गेली, तर महिन्याला चार-पाच लिटर पेट्रोल गाडी जागची न हलता संपते.

इंजिन पुन्हा सुरू करायला जास्त पेट्रोल लागते, हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. आताच्या फ्युएल इंजेक्शन गाड्यांत दहा सेकंदांहून जास्त थांबायचे असेल, तर इंजिन बंद करणे फायद्याचे ठरते, असे अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. भारतातील पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजे पीसीआरए, हीदेखील सिग्नलला इंजिन बंद करण्याचा आग्रह अनेक वर्षे धरत आली आहे. दिल्लीत २०२० मध्ये त्यासाठी ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम राबवली गेली. ज्या गाड्यांत ऑटो स्टार्ट-स्टॉपची सोय आहे, त्यांच्या मालकांनी गाडीत बसताच ते बटण बंद करण्याची सवय एकदा तपासून पाहावी. सेकंद दाखवणारा सिग्नल असेल आणि ३० हून अधिक सेकंद उरले असतील, तर निर्णय आणखी सोपा होतो.

उतारावर न्यूट्रल: बचत नाही, धोका मात्र पुरेपूर

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेकांना वडिलांकडून, काकांकडून मिळालेली असते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत त्याने थोडे पेट्रोल वाचतही असेल. आताच्या गाड्यांत चित्र उलटे आहे.

गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोलचा पुरवठा जवळपास पूर्ण बंद करतो. चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल टाकले की चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो आणि इंजिन सुरू ठेवण्यासाठी पेट्रोल पुन्हा जाऊ लागते. म्हणजे घाट गिअरमध्ये उतरलेली गाडी कमी पेट्रोल खाते.

सुरक्षेचा मुद्दा याहून गंभीर आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. इंजिनही बंद केले, तर ब्रेकला मिळणारी मदत काही दाबांतच संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते.

पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री भरधाव ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याची माहिती तेव्हा तपासातून पुढे आली होती. काही रुपयांच्या डिझेलसाठी केवढी किंमत मोजावी लागू शकते, हे त्या उताराने दाखवले. कारसाठीही नियम तोच, ज्या गिअरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

महामार्गावर ८० आणि १०० मध्ये फरक किती?

शहरात ब्रेक पेट्रोल खातो, तर महामार्गावर हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० च्या तुलनेत १०० ला तो दीडपटीहून जास्त होतो आणि १२० ला सव्वादोन पट. म्हणूनच ८० च्या पुढे मायलेज झपाट्याने घसरू लागते.

बदल्यात वेळ किती वाचतो? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाट वगळून साधारण ६० किलोमीटरचा सपाट टप्पा धरला, तर १०० च्या वेगाने ३६ मिनिटे लागतात आणि ८० च्या वेगाने ४५. फरक नऊ मिनिटांचा. फूड मॉलवरचा वडापाव आणि चहा यापेक्षा जास्त वेळ घेतो.

७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर कारसाठी वेगमर्यादा १२० आहे. सलग १२० ने गेल्यास कागदावर पाच तास ५० मिनिटे लागतात, १०० ने सात तास. इथे तास-सव्वा तासाचा फरक पडतो, त्यामुळे निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण १२० ही मर्यादा आहे, ते उद्दिष्ट नाही. सावकाश जाणाऱ्यांनी डावी लेन धरावी. उजव्या लेनमधून ८० ने जाऊन पेट्रोल वाचवणे इतरांच्या जिवावर बेतू शकते.

एसी बंद करून काच उघडावी का?

शहरातल्या कमी वेगात, हवा बरी असेल तर काच उघडणे स्वस्त पडते. महामार्गावर उघड्या काचांमुळे हवेचा अडथळा वाढतो, त्यामुळे काचा बंद ठेवून एसी लावणे योग्य. कडक उन्हात, विशेषतः छोट्या अंतराच्या फेऱ्यांत, एसीमुळे २५ टक्क्यांहून अधिक मायलेज घटू शकते. उन्हात उभ्या गाडीत बसताच एसी फुल करण्याऐवजी आधी मिनिटभर काचा उघडून आतली गरम हवा घालवावी, मग रीसर्क्युलेशनवर एसी लावावा. अकोला-नागपूरच्या मे महिन्यात एसीच लावू नका, असे सांगण्यात अर्थ नाही. गाडी सावलीत लावणे मात्र फुकट आहे.

टायरची हवा, वजन आणि कॅरिअर

टायरमधील हवेचा मायलेजवरचा परिणाम अनेकदा फुगवून सांगितला जातो. चारही टायरमध्ये प्रत्येकी एक पीएसआय हवा कमी झाली, तर मायलेज सुमारे ०.२ टक्के घटते. आठ पीएसआय कमी असेल, तर दीड टक्क्याच्या आसपास. तरीही हवा तपासलीच पाहिजे, कारण कमी हवेचा टायर महामार्गावर तापतो, कडेने झिजतो आणि फुटू शकतो. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेला असतो. पंपावरची हवा मोफत मिळते. महिन्यातून दोनदा, गाडी फार न फिरवता, टायर थंड असताना ती तपासावी. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

डिकीतले ४५ किलो अनावश्यक सामान साधारण एक टक्का मायलेज खाते. छतावर बसवलेला सामानाचा बॉक्स महामार्गावर ६ ते १७ टक्क्यांपर्यंत फटका देतो. गणपतीला गावी जाताना लावलेला कॅरिअर दिवाळीपर्यंत तसाच राहत असेल, तर तो काढून ठेवावा.

इथेनॉलमुळे मायलेज घटले का?

थोडे घटते, हे विज्ञान आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिश्रणात त्यामुळे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यातही हेच म्हटले होते. १० टक्के मिश्रणापुरत्या जुळवलेल्या जुन्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तर ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के घट, असा त्यातील अंदाज होता.

म्हणजे जुनी १५ देणारी गाडी १४ वर येऊ शकते. पण १५ ची गाडी ११ वर आली असेल, तर सगळा दोष इथेनॉलवर टाकता येत नाही. तिथे मेकॅनिकला दाखवणे गरजेचे आहे. ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा महिनोन्‌महिने तसाच ठेवू नये. एक बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर मायलेजचे मोठे नुकसान करू शकतो. चालवून आल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापत असेल, तर ब्रेक चिकटत असण्याची शक्यता आहे.

कशाने फरक पडत नाही?

- पहाटे पेट्रोल भरणे: थंड पेट्रोल दाट असते हे खरे, पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात. तिथले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही.
- महाग, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल: ऑक्टेन म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता. त्याचा अर्थ जास्त ऊर्जा असा नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितले नसेल, तर जादा पैसे वाया जातात.
- मायलेज वाढवणारी उपकरणे आणि गोळ्या: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. उपयोगी ठरली ती मोजकीच, आणि त्यांचा फायदाही किरकोळ.
- एअर फिल्टर: इंजेक्शनच्या गाड्यांत तो तुंबल्याने पिकअप कमी होतो, मायलेजवर फारसा परिणाम होत नाही. इंजिनासाठी मात्र तो वेळेवर बदलावाच.

इंजिन ऑइल मात्र पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच हवे. ‘दाट ऑइल म्हणजे चांगले ऑइल’ या समजुतीने चुकीची ग्रेड टाकल्यास एक-दोन टक्के मायलेज जाऊ शकते.

सुरुवात एका महिन्यापासून

सगळे एकदम करायची गरज नाही. पहिल्या टाकीला नेहमीसारखी गाडी चालवून खरा आकडा काढावा. दुसऱ्या टाकीला दोनच गोष्टी पाळाव्यात: ब्रेक लागणार असे दिसताच पाय आधी काढायचा आणि महामार्गावर ८०-९० च्या आसपास राहायचे. आकडे शेजारी-शेजारी लिहून पाहावेत. हेच नियम डिझेल आणि सीएनजी गाड्यांनाही लागू आहेत, फक्त सीएनजीचा हिशेब किलोत करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. ज्यांची गाडी कमी देते, त्यांना या बदलांचा फायदा जास्त होतो. १,००० किलोमीटरमागे २० वरून २२ वर गेलेली गाडी साडेचार लिटर वाचवते, तर १० वरून १२ वर आलेली जुनी गाडी जवळपास १७ लिटर. ‘जुनी गाडी आहे, आता काय वाढणार’ म्हणणाऱ्यांनीच हा प्रयोग आधी करावा.

सगळी जबाबदारी चालकावर टाकणेही योग्य नाही. एकमेकांशी न जुळणारे सिग्नल, दर शंभर मीटरवरचे बेशिस्त स्पीड ब्रेकर आणि पावसाळ्यातले खड्डे प्रत्येक गाडीला ब्रेक मारायला लावतात. वर केलेला ८० पैशांचा हिशेब शहरातल्या लाखो गाड्यांना लावला, तर खराब रस्त्याची किंमत महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नसली तरी नागरिकांच्या खिशातून रोज वसूल होते, हे लक्षात येईल. सिग्नल जुळवणे आणि खड्डे बुजवणे हीसुद्धा इंधनबचतीची योजना आहे, ही मागणी नागरिकांनी लावून धरायला हवी.

तोपर्यंत हातात आहे ते करता येईल. पुढचा सिग्नल लाल दिसतोय? मग अॅक्सिलरेटरवरून पाय आत्ताच काढा.